माजघर आणि कॅमेरा

आपल्याकडील कोणत्याही जुन्या घराण्याचा छायाचित्रसंग्रह उघडून पाहावा. पहिल्या पानावर पगडी घातलेले आजोबा. त्यांच्या मागें रंगविलेला पडदा, पडद्यावर त्यांनीं जन्मांत न पाहिलेला विलायती बगीचा, आणि हाताखालीं फोटोवाल्याच्या मालकीची एक नक्षीदार तिवई. पुढें लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या निरोपसमारंभाचे फोटो. माणसें सर्व आहेत. परंतु तीं ज्या घरांत जन्मलीं, जेवलीं, आजारी पडलीं आणि वारलीं, तें घर मात्र त्या संग्रहांत कोठेंच नाहीं. चूल नाहीं, बंब नाहीं, फडताळ नाहीं, ओटीवरचें पानाचें तबक नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या साताऱ्यांतलें किंवा सांगलींतलें स्वयंपाकघर कसें दिसे, हें आज सांगावयाचें झाल्यास ऐकीव आठवणींवरच बहुतेक भिस्त ठेवावी लागते.

वास्तविक या कलेचा जन्मच घरांत झाला. फ्रान्समधील न्येप्सनें १८२६-२७च्या सुमारास जें चित्र टिकवून दाखविलें, तें त्याच्या स्वतःच्या घराच्या खिडकींतून दिसणाऱ्या छपरांचें होतें. इंग्लंडांत फॉक्स टॅल्बट या गृहस्थानें १८३५च्या उन्हाळ्यांत घेतलेलें चित्र तर निव्वळ त्याच्या घरच्या जाळीदार खिडकीचें आहे. आकार जेमतेम एक इंच. हा टॅल्बट आपले लहान लहान लांकडी कॅमेरे घरभर ठेवून देई, आणि त्याची पत्नी त्यांना उंदराचे सांपळे म्हणे. आद्य छायाचित्रकारांना घर कां आवडलें, याचें कारण मात्र मुळींच काव्यमय नाहीं. त्या वेळचे कागद व पत्रे प्रकाशाला इतके मंद होते कीं, जिवंत माणूस तेवढा वेळ स्थिर राहणें कठीण. खिडकी हलत नाहीं, कपबशी कंटाळत नाहीं.

पुढें १८४४ ते १८४६ या काळांत टॅल्बटनें छायाचित्रें चिकटविलेला आपला ग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला. त्यांत एका पानावर चिनी मातीचीं भांडीं फळ्यांवर मांडलेलीं आहेत आणि दुसऱ्यावर कांचेचीं. सोबतच्या मजकुरांत तो दोन गोष्टी नोंदवितो. पहिली अशी कीं, एखाद्या चोरानें हीं भांडीं लांबविलीं तर हें मुकें चित्र न्यायालयांत साक्ष देईल. दुसरी शिकाऊ माणसाच्या अधिक उपयोगाची: पांढरी चिनी भांडीं आणि कांच यांचें एकत्र चित्र नीट येत नाहीं, कारण चिनी मातीची चकाकी कांचेच्या फार पुढें धांवते. हा धडा त्याला निसर्गशोभेनें दिला नाहीं, घरच्या फडताळानें दिला, हें विसरूं नये.

हिंदुस्थानांत ही कला आली तेव्हां मात्र तिनें घराकडे पाठ फिरविली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यांत प्रमुखपणें वावरत असत. एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचे वर्गही निघाले व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे कुशल एतद्देशीय छायाचित्रकार मुंबईंत नांवारूपास आले. परंतु साहेबाला हवीं होतीं लेणीं, किल्ले आणि जातीजमातींचे नमुने. १८६८ ते १८७५ या सालांत सरकारनें ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नांवाचे आठ खंड काढले, त्यांत माणसेंच माणसें आहेत. आमच्या लोकांना हवा होता मान, आणि मान म्हणजे खुर्चीवर बसलेला, घरंदाज, हंसूं न येणारा चेहरा. शिवाय १८५१ नंतरच्या ओल्या कांचेच्या पद्धतींत कांचेवर लेप द्यावयाचा, ती ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि ओली असतांनाच धुवावयाची. इतक्या यातायातीची कांच तांब्यावर कोण खर्च करणार?

या जुन्या कांचांचा आणखी एक दोष होता आणि तो आपल्या घरांत विशेष जाणवे. त्यांना निळा रंग तेवढा दिसे. पिंवळा फार थोडा आणि तांबडा मुळींच नाहीं. म्हणून जुन्या फोटोंत आकाश पांढरें फटफटीत आणि बायकांच्या कपाळावरचें कुंकू काळें. ज्या सांगलीच्या बाजारपेठेचें नांव हळदीनें देशभर झालें, तेथील हळदीच्या राशीचा त्या कांचेवर फोटो घेतला असता तर ती मातीच्या ढिगासारखी दिसती. फोगल या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं लेपांत रंगद्रव्यें मिसळून कांचेची नजर सुधारण्याची युक्ति शोधिली, आणि तांबड्यासकट सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विक्रीस आल्या.

येथें सातारा-सांगलीकडच्याच एका पुरुषाची आठवण होते. (हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते, त्या सालीं ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें.) लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. कांहीं काळानें ध्यानांत आलें कीं त्यांना कांहीं रंगांतला भेद कळत नाहीं. रंगचित्रें सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले, आणि पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर त्यांनीं नांगराचा कारखाना उभा केला. जुन्या कांचेप्रमाणें रंग न ओळखणाऱ्या या डोळ्याला आकार मात्र कोणाहूनही अधिक दिसला. ज्याला वस्तु रंगाशिवाय पाहतां येते तो तिचा घाट पाहतो, हें छायाचित्रकारानें ध्यानीं घेण्यासारखें आहे. त्या वेळीं औंधची गादी स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींकडे होती, आणि वेदांचे भाष्यकार म्हणून ठाऊक असलेले पंडित सातवळेकर १९१८ सालीं औंधास येऊन राहिले, ते त्यापूर्वीं लाहोरास चित्रांचा व फोटोंचा व्यवसाय करीत. पंडितजींचें हें पूर्वायुष्य पुष्कळांना आज नवलाचें वाटेल.

परंतु घरच्या वस्तूंवर हात बसवून मग जग जिंकणारा आपला खरा वीर म्हणजे दादासाहेब फाळके. गोध्र्यास त्यांनीं फोटोचें दुकान चालविलें होतें, पुरातत्त्व खात्यांत व पुढें छापखान्यांत कामें केलीं होतीं. म्हणजे कॅमेरा त्यांना नवा नव्हता. नवी होती ती हलत्या चित्राची विद्या. १९१२ सालीं विमापत्रें गहाण टाकून ते लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. भांडवल घालणाऱ्यांस खात्री पटविण्यासाठीं कांहीं तरी करून दाखविणें भाग होतें. राजा हरिश्चंद्राचा दरबार उभा करण्यास पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोंवला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत राहिले. त्यांतून ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटाभराची फीत तयार झाली: दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढूं लागतो. कुंडी, वाटाणे आणि धीर एवढेंच त्यांचें नेपथ्य. फिती धुण्याच्या, भोंकें पाडण्याच्या कामांत पत्नी सरस्वतीबाई होत्याच. पुढच्याच वर्षीं, ३ मे १९१३ रोजीं, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. पण त्यानंतरही घरच्या वस्तूंची गोडी त्यांनीं सोडली नाहीं. आगकाड्या सरकवीत सरकवीत त्यांच्या आकृत्या नाचविणारी ‘आगकाड्यांची मौज’ ही त्यांचीच. आगपेटीइतकी स्वस्त नटमंडळी आजवर कोणत्या नाटक कंपनीला मिळाली असेल?

आतां आजच्या हौशी माणसाकडे वळूं. त्याच्या खिशांतल्या दूरध्वनियंत्रांतच कॅमेरा आहे. कांच, लेप, अंधारी खोली यांची यातायात संपली. तरी त्याचे फोटो पाहावेत तर महाबळेश्वरचे सूर्यास्त, कासच्या पठारावरचीं फुलें, कृष्णेचा घाट! विषय सुंदर, चित्र सामान्य. याचें कारण तेथें प्रकाश त्याच्या हातांत नसतो. सकाळीं उत्तरेच्या खिडकीपाशीं पाटावर पितळेचा तांब्या ठेवून बसावें. पहिल्याच चित्रांत तांब्याऐवजीं खिडकी, दरवाजा आणि फोटो घेणाराचा सदरा उमटलेला दिसेल. लखलखीत धातु स्वतःस दाखवीतच नाहीं. ती सभोवार जें असेल तें दाखविते. म्हणून तांब्याच्या एका बाजूस धुतलेलें धोतर ताणून धरावें. लगेच त्याच्या पोटावर मऊ पांढरी झळाळी येते आणि घाट मोकळा होतो. मिरजेच्या तंबोऱ्याच्या चकचकीत भोपळ्यालाही हाच न्याय लागू आहे.

पाट्याचें तंत्र याच्या उलट. त्याला समोरून उजेड दिला तर टांकीचे घाव नाहींसे होऊन तो फरशीचा तुकडा वाटूं लागतो. उजेड बाजूनें, जवळजवळ पाट्याच्या पृष्ठभागाला घांसून आला पाहिजे. मग प्रत्येक घावाला आपली सावली मिळते आणि पाटा खरखरीत दिसूं लागतो. कांचेचा पेला मागून उजळावा. समई जवळ असतांना तिच्या प्रकाशाचा हिशेब निराळा असतो: दोन फुटांवरची वस्तु चार फुटांवर नेली तर तिच्यावरचा प्रकाश अर्धा होत नाहीं, चौथाई होतो. यंत्राच्या बुद्धीवर तर अजिबात विसंबूं नये. यंत्र प्रत्येक वस्तु करड्या रंगाची आहे असें धरून चालतें. म्हणून सुपांतले तांदूळ मळकट येतात आणि काळी कढई राखाडी. तांदळांना उजेड थोडा वाढवून द्यावा, कढईला थोडा कमी करावा. समईचा सोनेरी उजेडही हें शहाणें यंत्र ‘दुरुस्त’ करून पांढरा करूं पाहतें. आणि फार जवळ जाऊं नये. जवळून घेतलेल्या घागरीचें पुढचें अंग फुगतें. दोन पावलें मागें यावें.

हा अभ्यास नुसत्या कौशल्याचा आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. ११ डिसेंबर १९६७च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां कोयनानगराच्या आसमंतांतलीं घरें क्षणांत कोसळलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें आणि घराघरांतल्या कपाटांत शिरलें. भिजलेले फोटो एकमेकांवर ठेवून वाळूं दिले कीं त्यांवरील सरसाचा थर चिकटून बसतो आणि मग ते सुटत नाहींत. अशा फोटोंना स्वच्छ थंड पाण्यांत ठेवून एकेक हलकेंच वेगळा करावा व हवेवर वाळवावा लागतो, हें त्या वेळीं किती जणांना ठाऊक होतें? आणि आपत्तीची वाट तरी कशाला पाहावी? बंब, घंगाळ, हंडे दर दिवाळीच्या साफसफाईंत निमूटपणें मोडींत जातच आहेत. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती जमविल्या म्हणून त्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पण कांचेच्या पेटींतला अडकित्ता कोणत्या कोनाड्यांत राहत असे, त्याच्या शेजारीं चुन्याची डबी होती कीं चंची, हें तो सांगूं शकत नाहीं. तें सांगण्यास त्या कोनाड्याचाच फोटो हवा.

तेव्हां वस्तूचा फोटो घेतांना ती जागेवर असतांनाचा एक आणि खिडकीशीं आणलेला एक, असे दोन घ्यावेत. शेजारीं एखादें नाणें किंवा फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. कागदावर प्रत काढून तिच्या मागें मऊ पेन्सिलीनें, शाईनें नव्हे, वस्तूचें घरांतलें नांव लिहावें. ग्रंथांतलें नव्हे, आजी जें म्हणत असे तें. ती कोणाच्या माहेराहून आली, कोण वापरीत असे, कोणत्या सालापर्यंत वापरांत होती, हेंही लिहावें. आणि दुसरी प्रत नदीकांठच्या घरांत न ठेवतां दुसऱ्या गांवीं, शक्य तर उंचावरच्या एखाद्या नातलगाकडे पाठवून द्यावी.