तीन सुवर्णं आणि एक चुकलेली बेरीज

तुमच्यातले काही जण आत्ता फॅनखाली बसून ऐकत असतील, काही जण बसमध्ये घाम पुसत असतील. आज आपण जाणार आहोत बर्फात. थेट नॉर्वेला.

नॉर्वे आणि स्कीइंग म्हटलं की हल्लीची नावं पटकन पुढे येतात. मारित ब्योर्गेन, जिच्या नावावर ऑलिंपिकची पंधरा मेडल्स आहेत. ब्योर्न डेली, ज्याच्याकडे आठ सुवर्णपदकं आहेत. पण आज मला बोलायचंय या रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल. थोरलाइफ हौग. त्याची गोष्ट तो गेल्यावर चाळीस वर्षांनी पूर्ण झाली, आणि ती पूर्ण झाली एका बेरजेमुळे.

आधी एक छोटी सूचना. या गोष्टीत दोन माणसं आहेत, एकाचं आडनाव हौग आणि दुसऱ्याचं हौगेन. नॉर्वेजियन भाषेत हौग म्हणजे टेकाड आणि हौगेन म्हणजे 'ते टेकाड'. कानाला दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून मी दोघांना पहिल्या नावानेच हाक मारणार आहे: थोरलाइफ आणि अँडर्स.

तर थोरलाइफचा जन्म 1894 चा. दक्षिण नॉर्वेत ड्रामेन नावाचं शहर आहे, त्याच्या शेजारच्या लीएर या भागातला. तो लहान असताना नॉर्वे पूर्ण स्वतंत्रसुद्धा नव्हता. स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाच्या छत्राखाली होते. 1905 मध्ये नॉर्वे वेगळा झाला. आता नवा देश म्हटला की त्याला स्वतःची ओळख लागते, अभिमानाने मिरवायला काहीतरी लागतं. नॉर्वेला ते स्कीमध्ये सापडलं. फ्रिट्यॉफ नान्सेनने 1888 मध्ये ग्रीनलंडचा बर्फ स्कीवरून पार केला होता. रोआल अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तोही स्कीच्या जोरावर. तेव्हा थोरलाइफ सतरा वर्षांचा होता. म्हणजे बघा, ज्या वयात आपण हिरो शोधत असतो, त्या वयात त्याच्या देशाचे सगळे मोठे हिरो स्कीवर उभे होते.

आता क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण आपल्याला सिनेमात दिसतं ते वेगळं. डोंगरावरून सूं करत खाली येणं म्हणजे क्रॉस-कंट्री नव्हे. यात सपाटी असते, उतार असतो, आणि चढही स्वतःच्याच पायांनी चढायचा असतो. बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला बांधलेला, टाच मोकळी. हातात दोन काठ्या. एक पाय रेटायचा, दुसऱ्यावर घसरायचं, मग पुन्हा तेच. आणि खरी गंमत मेणात आहे. स्कीच्या तळाला मेण लावतात. रेटताना स्कीने बर्फ धरायला हवा आणि घसरताना सोडायला हवा. मेण चुकलं तर पाय एकतर मागे सटकतात, नाहीतर बर्फ चिकटून जड होतात. हवा बदलली की मेण बदललं पाहिजे. थोरलाइफच्या काळात स्की लाकडाच्या होत्या, आणि बर्फात ट्रॅक पाडून देणारी आजच्यासारखी मशिन्सही नव्हती.

नॉर्वेमध्ये या खेळाचं देऊळ म्हणजे होल्मेनकोलेन. ओस्लोच्या कडेची टेकडी. तेव्हा शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं, ओस्लो हे नाव 1925 पासूनचं. होल्मेनकोलेनची 50 किलोमीटरची शर्यत जिंकणं म्हणजे नॉर्वेत जन्माचं सार्थक. थोरलाइफने ती सहा वेळा जिंकली: 1918, 1919, 1920, 1921, 1923 आणि 1924. आणि तिथलीच 'कंबाइन्ड' स्पर्धा, म्हणजे स्कीवर पळणं आणि स्कीवरून उडी मारणं या दोन्हींचे गुण एकत्र करून नंबर काढायची स्पर्धा, ती त्याने 1919, 1920 आणि 1921 अशी सलग तीन वर्षं जिंकली. लांब पल्ल्याचा दम आणि हवेत झेप घ्यायची हिंमत, दोन्ही एकाच माणसात.

आता येऊया 1924 वर. फ्रान्समधलं शामोनी, आल्प्सच्या कुशीतलं गाव. 25 जानेवारी ते 5 फेब्रुवारी. आज पुस्तकात लिहिलेलं असतं, 'पहिलं हिवाळी ऑलिंपिक, शामोनी 1924'. पण त्या वेळी जमलेल्या खेळाडूंना कोणी असं सांगितलं नव्हतं. ते आले होते 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताहा'ला. आणि या सगळ्याबद्दल कुरकुर कोण करत होतं, माहितीये? नॉर्वे आणि स्वीडनच! त्यांना वाटायचं, बर्फावरचे खेळ आमचे, होल्मेनकोलेन आमचं, नॉर्डिक गेम्स आमचे. मग हे वेगळं ऑलिंपिक कशाला? म्हणून मधला मार्ग काढला गेला. 'ऑलिंपिक' शब्द बाजूला ठेवून 'सप्ताह' भरवला.

आणि त्या सप्ताहात नॉर्वेच्या पोरांनी धुमाकूळ घातला.

30 जानेवारीला 50 किलोमीटर. तेव्हा या शर्यतीत सगळे एकदम सुटत नसत. थोड्या थोड्या वेळाने एकेक जण सुटायचा आणि घड्याळ ठरवायचं कोण जिंकलं. म्हणजे तुम्ही जंगलात एकटे पळताय, आणि आपण पुढे आहोत की मागे, हे शेजारी बघून कळत नाही. थोरलाइफने वेळ दिली 3 तास 44 मिनिटं 32 सेकंद. दुसरा थोराल्फ स्ट्रॉमस्टाड, 3 तास 46 मिनिटं 23 सेकंद. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. पहिले चारही जण नॉर्वेचे. अंदाज यावा म्हणून सांगतो, 2018 च्या ऑलिंपिकमध्ये हेच अंतर याच जुन्या पद्धतीने जिंकणाऱ्या फिनलंडच्या ईवो निस्कानेनला 2 तास 8 मिनिटं लागली. तेव्हाचा विजेता त्याहून दीड तासापेक्षा जास्त वेळ बर्फात होता. लाकडी स्की घेऊन.

2 फेब्रुवारीला 18 किलोमीटर. पुन्हा थोरलाइफ पहिला, 1 तास 14 मिनिटं 31 सेकंदांत. दुसरा त्याचाच सहकारी योहान ग्रॉटुम्सब्रोटेन, तिसरा फिनलंडचा तापानी निकू. मग कंबाइन्ड. तिथेही थोरलाइफ पहिला, आणि दुसरा पुन्हा तोच, स्ट्रॉमस्टाड. तीन सुवर्णं झाली.

आता राहिली फक्त उडीची स्पर्धा, 4 फेब्रुवारीला. ही खरं तर थोरलाइफची मुख्य स्पर्धा नव्हे, ती उडीतल्या तज्ज्ञांची. नॉर्वेचा याकोब तुलीन थाम्स पहिला आला, नार्वे बोना दुसरा. आणि तिसऱ्या जागी निकालात लिहिलं गेलं: थोरलाइफ हौग, 18.000 गुण. चौथ्या जागी: अमेरिकेचा अँडर्स हौगेन, 17.916 गुण.

आता हा अँडर्स कोण? तो मूळचा नॉर्वेचाच, तेलेमार्कमधल्या बो गावचा, जन्म 1888 चा. विशीत असताना पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेला, जसे त्या काळात हजारो नॉर्वेजियन गेले. शामोनीत तो अमेरिकन स्की टीमचा कॅप्टन होता. म्हणजे ज्या मातीत उडी मारायला शिकला, त्याच मातीतल्या पोरांविरुद्ध दुसऱ्या देशाचा झेंडा घेऊन उभा. त्या दिवशी सगळ्यात लांब उडी त्याची होती, 50 मीटर. मग तो चौथा कसा? कारण या खेळात नुसती लांबी मोजत नाहीत. हवेत शरीर कसं होतं, जमिनीवर कसा उतरला, यावर पंच शैलीचे गुण देतात. लांबी आणि शैली मिळून आकडेमोड होते आणि एक अंतिम आकडा येतो. सगळं हाताने, कागदावर.

अँडर्सचा आकडा थोरलाइफपेक्षा जरासा कमी निघाला. थोरलाइफला ब्राँझ मिळालं, एका सप्ताहातलं चौथं मेडल. तो परत गेला आणि त्याच वर्षी होल्मेनकोलेनही जिंकला.

इथे इतिहासाने पहिल्यांदा त्याच्या खात्यात हात घातला. 1926 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवलं की शामोनीचा तो सप्ताह म्हणजेच पहिलं हिवाळी ऑलिंपिक होतं. शर्यत संपल्यावर दोन वर्षांनी थोरलाइफ 'ऑलिंपिक चॅम्पियन' झाला! बर्फ तोच, घाम तोच, वेळ तीच. फक्त कागदावरचं नाव बदललं. आणि ज्या नॉर्वेला हे ऑलिंपिक नको होतं, त्याच नॉर्वेचा माणूस त्याचा पहिला मोठा नायक ठरला.

1926 मध्येच लाहतीच्या जागतिक स्पर्धेत त्याने कंबाइन्डमध्ये रौप्य मिळवलं. वय बत्तिशीला आलं होतं, नवी पोरं पुढे येत होती. आणि मग 12 डिसेंबर 1934 ला, ड्रामेनमध्ये, न्यूमोनियाने तो गेला. वय फक्त चाळीस. पेनिसिलिन औषध म्हणून हाताशी यायला अजून काही वर्षं होती. ज्या फुप्फुसांनी 50 किलोमीटर सहा वेळा जिंकून दिले, तीच दगा देऊन गेली. महायुद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, ड्रामेनने त्याचा पुतळा उभारला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण चला 1974 मध्ये.

शामोनीला पन्नास वर्षं झाली होती. त्या संघातले जे हयात होते ते म्हातारे झाले होते. त्यातला एक होता आपला थोराल्फ स्ट्रॉमस्टाड. 50 किलोमीटरमध्ये थोरलाइफच्या मागे दुसरा, कंबाइन्डमध्येही थोरलाइफच्या मागे दुसरा. जुने निकाल बघताना त्याच्या लक्षात आलं की उडीच्या गुणांची बेरीज जुळत नाहीये. नॉर्वेचा क्रीडा-इतिहासकार याकोब वोगे याने ते आकडे पुन्हा तपासले. आणि खरंच, थोरलाइफचे गुण काढताना चूक झाली होती. नीट हिशोब केला तर त्याचे गुण अँडर्सपेक्षा कमी भरत होते. ब्राँझ अँडर्सचं होतं. पन्नास वर्षं ते चुकीच्या घरात होतं.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालानंतर आपण गुणपडताळणीचा अर्ज करतो ना? तसंच हे. फक्त इथे अर्ज विद्यार्थ्याने केला नव्हता. प्रतिस्पर्ध्यांच्या वर्गातल्याच एकाने, स्वतःच्या देशाचं मेडल कमी होणार हे माहीत असून, हात वर केला होता.

मला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. स्ट्रॉमस्टाड गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. थोरलाइफ देशाचा नायक, त्याचा पुतळा उभा, तो स्वतःची बाजू मांडायला हयात नाही. मेलेल्या माणसाचं मेडल काढून घेणं, ऐकायलाच किती वाईट वाटतं! 'जाऊ दे ना, आता काय उकरायचं', हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण दुसऱ्या बाजूला एक पंच्याऐंशी वर्षांचा माणूस जिवंत होता, ज्याने त्या दिवशी सगळ्यात लांब उडी मारली होती आणि जो पन्नास वर्षं 'चौथा' म्हणून जगला होता.

ऑलिंपिक समितीने चूक मान्य केली. सप्टेंबर 1974 मध्ये अँडर्स ओस्लोला आला. ते ब्राँझ मेडल त्याच्या हातात कोणी दिलं असेल? थोरलाइफच्या मुलीने. वडिलांच्या ठेव्यातलं एक मेडल तिने स्वतःच्या हाताने त्याच्या खऱ्या मालकाला दिलं. अँडर्स त्यानंतर दहा वर्षं जगला, 1984 मध्ये गेला.

मला विचाराल तर यात थोरलाइफचं काही कमी झालं नाही. बेरीज त्याने केली नव्हती. त्याने उडी मारली, पंचांनी जे दिलं ते घेतलं, आणि त्यात काही चुकलंय हे त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही. कागदाने त्याला एकदा दिलं, 1926 मध्ये. कागदाने त्याच्याकडून एकदा घेतलं, 1974 मध्ये. पण त्या 3 तास 44 मिनिटांत तो जंगलातून एकटा किती दमात पळाला, ते कुठल्याही दुरुस्तीने बदलत नाही.

आणि 'इतिहास पुन्हा लिहू नका' असं कोणी म्हटलं की मला ही गोष्ट आठवते. इथे इतिहास पुन्हा तपासला गेला, तो ज्यांना त्याचा तोटा होणार होता त्यांनीच तपासला, आणि नायक नायकच राहिला. पुतळा अजून ड्रामेनमध्ये उभा आहे. मेडल फक्त योग्य घरी गेलं.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात, कॉलेजात, ऑफिसात अशी एखादी जुनी चुकलेली बेरीज कोणी दुरुस्त केली असेल, तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!