ऊद, धूप आणि राबणारे हात



संध्याकाळी दिवा स्टेशनात गाडीतून उतरून घराकडे चालू लागले की चाळीचाळींतून उदबत्तीचा वास येऊ लागतो. हल्ली उदबत्तीच्या पुड्यावर ‘नैसर्गिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि देवापुढे जळावयाचे ते शुद्धच असावे या भावनेने माणसे चार पैसे जास्त देऊन तो पुडा घेतात. ही भावना चांगलीच आहे. परंतु नैसर्गिक कशास म्हणावे, हे पुडा वाचून कळत नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. मी काही पंडित नव्हे. कामगारांच्या सभा घेता घेता आणि वाचनालयांतून पुस्तके आणून जे शिकलो, त्या शिदोरीवर आज बोलणार आहे.

प्रथम आपल्या देवघरातील द्रव्यांची नावेच पाहा. गुग्गुळ हा कच्छ-राजस्थानच्या रुक्ष भूमीत वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा डिंक. साळईचा डिंक आपल्या सातपुड्याच्या आणि मेळघाटच्या रानांतला. राळ ही साल वृक्षाची. आणि ऊद? हा शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ लाकूड, विशेषतः अगरूचे सुगंधी लाकूड. मराठीत मात्र तो सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या एका डिंकाला चिकटला. त्याच डिंकाला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणत. तेव्हा ‘उदबत्ती’ म्हणताना आपण एक अरबी शब्द आणि संस्कृत ‘वर्ति’पासून आलेली बत्ती एकत्र बांधीत असतो. दर्ग्यात लोबान जळतो, पारशी घरांत तिन्हीसांजेला लोबान फिरवितात, वसईच्या चर्चमध्ये धूपपात्र हलते, बौद्ध बांधव वंदनेच्या वेळी उदबत्ती लावतात. ज्याचा त्याचा देव आणि धर्म निराळा. डिंक मात्र त्याच झाडांचा.

हा माल फिरे कसा? आपल्या दिव्याजवळून उल्हासची खाडी जाते. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत गेली, पण त्याआधी कित्येक शतके कल्याणचा माल याच पाण्यावरून जात-येत होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. कल्याणचा व्यापार त्या वेळी अडविला गेला होता आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो सांगतो. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ नोंदविले आहेत, तर सिंधूच्या मुखावरील बंदरात बाहेरून उतरणाऱ्या मालात अरबी धूप. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमचा डिंक त्यांच्याकडे जात होता आणि त्यांचा आमच्याकडे येत होता. देवघरातला धूर हा कधीच एका गावाचा नव्हता.

या विद्येचे ग्रंथही झाले. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजकोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंत चंदन आणि अगरू आहेत, आणि चांगला अगरू जड, स्निग्ध, दूरवर दरवळणारा व अग्नी सोसणारा असावा, अशी परीक्षाही दिली आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये धूपाचा स्वतंत्र विचार आहे. (त्याचे कल्याण म्हणजे आपले नव्हे, बिदरकडचे.) आपल्याला जवळचा ग्रंथ म्हणजे गंगाधराचा ‘गंधसार’. त्याच्या जोडीला ‘गंधवाद’ नावाचा, कर्त्याचे नाव नसलेला ग्रंथ आहे आणि त्यावर जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी हे हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले, आणि १९८९ साली बडोद्याहून ते छापून प्रसिद्ध झाले. सुगंधाचे शास्त्र मराठीत समजावून सांगण्याची कोणाला तरी त्या काळी गरज वाटली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पण श्रोतेहो, या ग्रंथांत द्रव्ये आहेत, प्रमाणे आहेत, राजाचा भोग आहे. ते द्रव्य कुटले कोणी, चाळले कोणी, वळले कोणी, हे फारसे नाही. ती बाजू मला ग्रंथांबाहेर दिसली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरातला पगार बंद झाला आणि आईने उदबत्त्या वळावयास घेतल्या. कंत्राटदाराचा माणूस बांबूच्या काड्या आणि कोळशाची भुकटी आणून टाकी. भुकटीत जिगट, म्हणजे एका झाडाच्या सालीची चिकट पूड, मिसळलेली असे. आई ते पीठ मळी, पाटावर काडी ठेवून तळहाताने वळी आणि फळीवर वाळत घाली. मजुरी हजारावर. मोडलेली, वाकडी झालेली काडी हिशेबातून बाद. आणि बाद किती, हे तोच ठरवी. त्या काड्यांना वास नसे. त्या पुढे दुसरीकडे सुगंधी द्रावणात बुडवून निघत. आमच्या खोलीत त्यामुळे काळी बोटे होती, खोकला होता, सुगंध नव्हता. तिन्हीसांजेला आई वाण्याकडची चिमूटभर राळ शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकी. स्वतः वळलेली काडी तिने देवापुढे कधी लावली नाही.

आता पुड्यावरच्या त्या शब्दाकडे वळू. पुष्कळ काड्यांचा वास रासायनिक द्रावकात मिसळलेल्या अत्तराचा असतो, आणि तो टाळावासा वाटणे योग्यच आहे. परंतु डिंकाची उदबत्ती घेतली म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. गुग्गुळाच्या झुडपाला ओरबाडून चिरा दिल्या की ते वाळते. आज ते जगातील अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. जिगटासाठी साल सोलून घेतली की झाड मरते. आणि धूर हा धूरच. तो नैसर्गिक डिंकाचा असला तरी त्यातले सूक्ष्म कण छातीत जातातच. दहा बाय बाराच्या बंद खोलीत लहान मूल आणि दमेकरी म्हातारे असतील तर अधिकच.

माणसांची गोष्टही तशीच. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही स्त्रियांची कामगार संघटना स्थापन केली, आणि पुढे घरी बसून विडी-उदबत्ती वळणाऱ्या बायाही तिच्यात आल्या. घरातली बाई काम करते ते ‘फावल्या वेळचे’ नसून मजुरीचे काम आहे, हे तिने मान्य करावयास लावले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. हल्ली काड्या यंत्रावर वळल्या जातात. ज्या हातांचे काम गेले, त्यांची नोंद मला कोणत्याही पुड्यावर दिसलेली नाही.

मग काय, धूप लावू नये? मी असे म्हणणार नाही. माझ्या घरीही लागतो. पण थोडा लावावा. खिडकी उघडी ठेवून लावावा. दहा काड्यांच्या धुरापेक्षा धुपाटण्यातील एका निखाऱ्यावर चिमूटभर साळई पुरते. आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारावे : हा डिंक कोठला, आणि ही काडी कोणी, किती मजुरीवर केली? पहिल्या दिवशी तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो पुढे घाऊक व्यापाऱ्याला विचारील. मागण्या अशाच वर चढत जातात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

शुद्ध धूप म्हणजे ज्याच्यापायी झाड मेले नाही आणि कोणाची मजुरी बुडाली नाही तो. आईने आपली काडी देवापुढे का लावली नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. आता वाटते, तिला ते ठाऊक होते.