मांजराची बदली

गेल्या रविवारी आमच्या पुतण्याने जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत काढलेला हा खेळ. यात सोंगट्या कमी, नियम फार. मी चहाचा कप घेऊन डोकावलो तर तंटा पेटलेला. एका मांत्रिकाने आपल्या घुबडाचा बेडूक केला होता आणि बेडकाने उडावे असा त्याचा हट्ट होता.

"काका, तुम्ही सांगा. तुम्ही बँकेत आहात."

बँकेचा आणि घुबडाचा संबंध काय, हे मी विचारले नाही. पोरे घरात बरेच ऐकत असतात.

मी नियम मागवले. मांत्रिकाच्या या हरकाम्या प्राण्याला तिथे 'फॅमिलियर' म्हणतात. 2014 च्या पुस्तकाप्रमाणे 10 सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप नि वनस्पती जाळल्या की स्वारी हजर. तोच मंत्र पुन्हा म्हटला की रूप पालटते. पण घुबडाचा बेडूक झाला की उडणे खर्ची, पाण्यात श्वास घेणे जमा. अंधारातली नजर 120 फुटांवरून 30 वर. मालकाशी मनातल्या मनात बोलणे मात्र तसेच.

"अरे, ही तर बदली!" मी म्हटले. "मूळ पगार कायम, शहरभत्ता बंद."

निकाल पटला. 1978 च्या पुस्तकात मामला याहून कडक होता. मांजर मिळणार की बेडूक, ते फासा ठरवायचा. आणि प्राणी मेला तर त्याच्या प्राणगुणांच्या दुप्पट गुण मालकाच्या खात्यातून कायमचे वजा. ज्यांनी मित्राच्या कर्जाला सही दिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण रूप पालटण्याचा हा हिशेब खेळापेक्षा फार जुना आहे. इंग्लंडात, एसेक्स परगण्यातल्या हॅटफील्ड पेव्हरेल गावी एलिझाबेथ फ्रान्सिस नावाच्या बाईकडे एक पांढरे ठिपकेदार मांजर होते. नाव सैतान. पंधरा-सोळा वर्षे पाळून तिने ते एका केकच्या बदल्यात अ‍ॅग्नेस वॉटरहाउसला दिले. अ‍ॅग्नेस गरीब. मांजर मडक्यात लोकरीवर झोपायचे. पुढे तिला ती लोकर हवी झाली, म्हणून तिने चक्क देवाचे नाव घेऊन मांजराचा बेडूक केला. बेडकाला अंथरूण लागत नाही! निदान 1566 साली छापलेल्या खटल्याच्या पुस्तिकेत तिचा जबाब असा आहे. इतकी काटकसर आमच्या सौ.नेही कधी केलेली नाही.

चेम्सफर्डच्या कोर्टाला मात्र बदलीचे नियम मंजूर नव्हते. बारा वर्षांच्या एका मुलीने साक्ष दिली, की तिला माकडतोंड्या, शिंगांचा काळा कुत्रा दिसला. मांजर, बेडूक, कुत्रा, सगळी खाती एकाच नावावर धरली गेली. खेळात रूप गेले की कसब जाते. इथे कितीही रूपे बदला, बाकी वाढतच होती. सरकारी वकील म्हणाले, तो इथे आणून दाखव, म्हणजे तुला सोडतो. तिला ते जमेना. 29 जुलै 1566 रोजी तिला फाशी दिले. वय 64.

मुलांना हे सांगितले तेव्हा टेबलावर जरा वेळ फासा पडला नाही.

"काका," पुतण्या म्हणाला, "बेडूक केला तो फक्त लोकरीसाठी?"

"हो रे. थंडी असते तिकडे."