दंतइजा, बालखेळाडूंमधील
खेळताना पडल्याने किंवा आदळल्याने दात हलणे, तुटणे वा मुळासकट निखळणे. यात वरचे पुढचे दात सर्वाधिक सापडतात. ते पुढे आलेले असतील तर धोका वाढतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात आणि आसपासच्या गावांत मुले कबड्डी, क्रिकेट खेळतात. कबड्डीत पकड करताना कोपर, गुडघा वा डोके तोंडावर बसते. मुष्टियुद्धात दंतरक्षक सक्तीचा असतो, कबड्डीत नाही. तरीही मुलांनी तो वापरावा. दंतवैद्याने मापाने बनवलेला उत्तम. वाढत्या वयात तो बदलावा लागतो.

निखळलेला कायमचा दात वाचू शकतो, मात्र वेळ फार थोडा असतो. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा. मूळ घासू नये. माती लागली असल्यास दुधाने हलके धुऊन लगेच खाचेत बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला लावावा. ते न जमल्यास दात थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत, शक्यतो अर्ध्या तासातच, दंतवैद्याकडे न्यावे. कागदात गुंडाळल्यास मुळावरील पेशी सुकून मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. परत बसवलेला कायमचा दात दंतवैद्य सुमारे 2 आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवतात. मूल बेशुद्ध झाले, ओकले किंवा जबडा मिटत नसेल, तर आधी रुग्णालय.