मानवी दुष्टतेवरील ईश्वराचे सार्वभौमत्व

मानवी दुष्टतेवरील ईश्वराचे सार्वभौमत्व ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक संकल्पना असून, ईश्वर जगाचा कारभार कसा चालवतो यासंबंधीच्या सिद्धांताचा ती एक भाग आहे. माणसाने स्वेच्छेने केलेली दुष्कृत्येही ईश्वराच्या सत्तेबाहेर नसतात, तो ती आपल्या चांगल्या हेतूसाठी उपयोगात आणतो, आणि तरीही त्या कृत्यांचा दोष माणसाकडेच राहतो, असे तिचे प्रतिपादन आहे. भूकंप, रोगराई यांसारखी नैसर्गिक संकटे या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. येथे विषय माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाचा आहे. ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि तो पूर्णतः चांगला आहे, यांपैकी एक विधान सोडून दिल्यास प्रश्न सहज सुटतो. प्रमुख ख्रिस्ती परंपरांनी दोन्ही विधाने धरून ठेवली आहेत. त्यामुळे वाद टिकून आहे.

बायबलमधील आधार

या चर्चेत सर्वाधिक उल्लेख होतो तो उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाच्या कथेचा. याकोबाच्या या लाडक्या मुलाला त्याच्या भावांनी मत्सरापोटी खड्ड्यात टाकले व मिसरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना चांदीच्या २० नाण्यांना विकले. पुढे खोट्या आरोपावरून तुरुंगवास भोगून योसेफ फारोचा प्रमुख अधिकारी झाला आणि सात वर्षांच्या दुष्काळात त्याने साठवलेल्या धान्यावर त्याचे भाऊही जगले. पित्याच्या मृत्यूनंतर भावांना सूडाची भीती वाटू लागली. तेव्हा योसेफ त्यांना सांगतो, की त्यांनी त्याचे वाईट योजले, पण ईश्वराने त्यातच अनेकांच्या प्राणरक्षणाचे चांगले योजले होते (५०:२०). मूळ हिब्रू वचनात दोन्ही ठिकाणी ‘योजणे’ या अर्थाचे एकच क्रियापद आहे. म्हणजे बिघडलेले काम ईश्वराने मागाहून सावरले, एवढेच हे वचन सांगत नाही. एकाच कृत्यामागे दोन कर्त्यांचे दोन भिन्न हेतू होते, असे ते म्हणते. हे बोलणारा स्वतः अन्याय सोसलेला माणूस आहे आणि तो अनेक वर्षांनंतर बोलत आहे, ही बाब मात्र विवेचनांत पुष्कळदा निसटते.

निर्गमाच्या पुस्तकातील फारोची कथा अधिक अवघड आहे. फारोने आपले मन कठीण केले असे काही ठिकाणी म्हटले आहे, तर काही ठिकाणी ते ईश्वराने कठीण केले असे. पीडांच्या वर्णनात दुसऱ्या प्रकारचे विधान प्रथम सहाव्या पीडेनंतर येते (९:१२). त्यावरून काही भाष्यकार ईश्वराने फारोला त्याच्याच हट्टाच्या स्वाधीन केले असा अर्थ लावतात. पण ईश्वराने आपला हा बेत मोशेला आधीच सांगून ठेवलेला असल्यामुळे (४:२१) हा खुलासा पुरेसा ठरत नाही. दाविदाने केलेल्या शिरगणतीबाबतही अशीच अडचण आहे: २ शमुवेल २४:१ नुसार त्याला ईश्वराने प्रवृत्त केले, तर १ इतिहास २१:१ नुसार सैतानाने.

यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरचे साम्राज्य ईश्वराच्या हातातील काठी म्हणून वर्णिलेले आहे. तरीही त्याच्या गर्वाबद्दल त्याला शिक्षा ठोठावली जाते. नव्या करारात येशूचा वधस्तंभावरील मृत्यू हे या विचाराचे केंद्र ठरते. प्रेषितांची कृत्ये (४:२७-२८) या पुस्तकानुसार हेरोद व पंतय पिलात यांनी ईश्वराने आधी ठरवलेलेच घडवून आणले, मात्र त्यांचे कृत्य निर्दोष ठरत नाही. याउलट याकोबाचे पत्र (१:१३) ईश्वर कोणालाही पापाच्या मोहात पाडत नाही असे बजावते.

धर्मशास्त्रीय विवेचन

ओरिजेनने (तिसरे शतक) फारोच्या प्रश्नावर सूर्याचा दृष्टान्त दिला: एकाच उष्णतेने मेण वितळते आणि चिखल कडक होतो. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे. अनिष्ट मुळीच घडू न देण्यापेक्षा त्यातून चांगले घडवणे ईश्वराने श्रेयस्कर मानले. थॉमस अक्वायनस (तेरावे शतक) यांनी लंगड्या पायाचे उदाहरण घेतले. चालण्यातील गती शरीराच्या चालकशक्तीतून येते, लंगडेपण पायाच्या व्यंगातून. त्याचप्रमाणे कृत्यातील क्रिया ईश्वराधीन, तर त्यातील दोष माणसाचा.

धर्मसुधारणेच्या काळात वादाला धार आली. मार्टिन ल्यूथर यांनी १५२५ च्या इच्छास्वातंत्र्यविरोधी ग्रंथात लंगड्या घोड्यावरील स्वाराची उपमा वापरली. जॉन कॅल्व्हिन यांना ‘ईश्वराने केवळ अनुमती दिली’ ही भाषा पळवाट वाटे. उन्हामुळे प्रेताला दुर्गंधी सुटते, पण किरणांना दुर्गंधी येत नाही, हा त्यांचा दृष्टान्त. दृष्टान्त समर्पक असला तरी प्रेत तेथे आले कसे, हा प्रश्न त्याने मिटत नाही. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने ईश्वर सर्व घटना ठरवतो आणि तरीही तो पापाचा कर्ता नाही, ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी मांडली.

जेझुइट विचारवंत लुईस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये ‘मध्यम ज्ञान’ ही कल्पना पुढे आणली. कोणत्या परिस्थितीत कोणती व्यक्ती स्वेच्छेने काय करील हे ईश्वर जाणतो व त्यानुसार जगाची रचना करतो, असे ते मानत. याकोबस आर्मिनियस यांच्या अनुयायांनी मानवी स्वातंत्र्यावर भर दिला. त्यांची मते डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) फेटाळली. कॅथॉलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षणपुस्तिका ईश्वर नैतिक अनिष्टाचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कारण नसल्याचे सांगते आणि ‘अनुमती’ हाच शब्द स्वीकारते.

आधुनिक काळ व टीका

अ‍ॅल्विन प्लॅन्टिंगा यांनी १९७४ मध्ये, स्वतंत्र माणसे असलेले पण दुष्टता मुळीच नसलेले जग निर्माण करणे ईश्वराच्याही हाती नसणे शक्य आहे, असा युक्तिवाद केला. ‘द ओपननेस ऑफ गॉड’ (१९९४) या ग्रंथाच्या लेखकांनी ईश्वराला भविष्यातील मुक्त निर्णय आधीपासून निश्चितपणे ज्ञात नसतात असे मांडले. पारंपरिक मतापासून ही फारकत मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक व नंतर युद्धकैदी राहिलेले युर्गेन मोल्टमान यांनी ‘वधस्तंभावरील ईश्वर’ या आशयाच्या १९७२ मधील ग्रंथात सत्तेऐवजी ईश्वराच्या दुःखसहभागाला अग्रस्थान दिले.

सर्वांत तीव्र आक्षेप दस्तयेव्हस्कीच्या ‘करमाझोव बंधू’ (१८८०) या कादंबरीतील इव्हान घेतो. छळ झालेल्या मुलाच्या अश्रूंवर उभारलेली अंतिम सुसंगती खरी असली तरी ती आपल्याला मान्य नाही, असे तो म्हणतो. या सिद्धांताच्या व्यवहारातील वापरावरही टीका होते: अत्याचारग्रस्ताला ‘ही ईश्वराचीच योजना’ असे सांगितल्याने त्याची तक्रार दबते आणि अपराधी झाकला जातो. या टीकेला बायबलमध्येच आधार सापडतो. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचे समर्थन ईश्वराच्या न्यायाने करतात, तर ईयोब ईश्वराशीच भांडतो. शेवटी ईश्वर मित्रांवर रागावतो आणि ईयोब आपल्याविषयी योग्य बोलला असे ठरवतो (४२:७).