शेळीचं दूध आणि आजीचे थेंब

सेवाग्रामला गेलात, तर बापूकुटीपाशी कुणीतरी तुम्हाला गांधीजींच्या शेळीच्या दुधाची गोष्ट सांगेलच. गंमत म्हणून सोडून देऊ नका. व्हिटॅमिनच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचताना मला तीच उपयोगी पडली.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, गांधीजींनी दूध सोडलं. ब्रह्मचर्याचा विचार होताच, शिवाय दुधासाठी गायी-म्हशींचे होणारे हालही त्यांना सलत होते. १९१८ च्या आजारपणात ते पार खंगले. मुंबईच्या डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितलं, दुधाशिवाय अंग भरणार नाही. वाट काढली ती कस्तुरबांनी: मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं चालेल की! गांधीजी तयार झाले. पण व्रताचे शब्द पाळले, भावना मोडली, ही कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे.

१९३६ ला ते शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहितानाही दूध आडवं आलंच. शाकाहाऱ्याला दूध लागतंच, त्याला वनस्पतीतला पर्याय मला सापडला नाही, असा त्यांचा सूर होता. या लेखनाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनीच १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज उभं केलं.

दुधातली प्रथिनं, कॅल्शियम डाळी-तिळांतून मिळवता येतात. अडतं ते बी-१२ पाशी. १९२६ पासून पंडुरोगाच्या एका जीवघेण्या प्रकारावर रोग्यांना चक्क यकृत खाऊ घालत. त्यातला गुणकारी पदार्थ वेगळा काढल्याचं जाहीर झालं एप्रिल १९४८ मध्ये. गांधीजी जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. लाल स्फटिक होते ते. आणि खरी मजा पुढे आहे: हे जीवनसत्त्व प्राणी बनवतच नाहीत, जीवाणू बनवतात. शेळीच्या दुधात ते येतं तिच्या पोटातल्या जीवाणूंकडून! आज कारखान्यातही जीवाणूच टाक्यांमध्ये ते तयार करतात.

म्हणजे बाटलीतलं बी-१२ शाकाहाऱ्याला चालतं. घोळ असतो तो सोबतच्या गोष्टींत. माझी आजी माळकरी. हातापायांना मुंग्या यायच्या, तपासणीत बी-१२ कमी निघालं. कॅप्सूल हातात घेऊन तिने विचारलं, "हे कायचं हाये बापा?" मी वाचलं: जिलेटिन. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. कॅप्सूल परत गेली, आणि मी द्रवरूप औषधं शोधायला लागलो.

तुम्हीही शोधत असाल तर एवढं बघा. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून येतं. तेही नको असेल तर लायकेनपासूनचं डी-३ किंवा यीस्टपासूनचं डी-२ असतं. कॉड लिव्हर ऑईल म्हणजे माशाचं यकृततेल, नावातच आहे. स्पिरुलिनाच्या भरवशावर मात्र राहू नका. त्यातलं बहुतांश बी-१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही, आणि कमतरता लांबली तर नसांची इजा कायमची राहू शकते. मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासा, डोस डॉक्टरांना ठरवू द्या.

आजी आता तुळशीला पाणी घातलं की थेंब घेते. बाटली बदलली, की पहिला प्रश्न तोच.