लॅटिन नृत्यप्रकार

पाश्चात्त्य बॉलरूम नृत्याची एक शाखा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीत सांबा, रुंबा, चाचाचा, पासो दोब्ले व जाइव्ह या पाच युगुलनृत्यांचा अंतर्भाव होतो. ‘लॅटिन’ ही संज्ञा येथे भौगोलिक दृष्ट्या काटेकोर नाही. सांबा ब्राझीलमधील, तर रुंबा व चाचाचा ही क्यूबातील नृत्ये होत; परंतु पासो दोब्लेचे मूळ स्पेनमध्ये आहे आणि जाइव्ह हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या नृत्यांतून निघाले. याउलट, दक्षिण अमेरिकेत जन्मलेल्या टँगोची गणना वॉल्ट्‌झच्या गटात होते.

यांपैकी रुंबाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. क्यूबात १८८६ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. त्या सुमारास हाव्हाना व मातान्सास येथील श्रमिकांच्या वस्त्यांत मूळचा रुंबा आकारास आला. ढोल, लाकडी खोकी आणि ‘क्लाव्हे’ या दोन दांडक्यांचा ताल, पुढे गाणारा व त्यास साथ देणारा समूह आणि उत्स्फूर्त नर्तन ही त्याची वैशिष्ट्ये. यांबू, ग्वाग्वांको व कोलुंबिया हे त्याचे प्रमुख प्रकार. कोलुंबिया हे परंपरेने पुरुषाचे एकल नृत्य आहे.

बॉलरूममधील रुंबा मात्र याहून निराळा आहे. दोन आस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित केलेले ‘एल मानिसेरो’ हे गीत अतिशय लोकप्रिय झाले. ते वस्तुतः ‘सोन’ या क्यूबन गीतप्रकारातील होते; तथापि बाजारात ते रुंबा म्हणून आले आणि हेच नाव अशा सर्व संगीतास व नृत्यास चिकटले. लंडनमधील नृत्यशिक्षक प्येअर व त्यांच्या सहनर्तिका डॉरिस लव्हेल यांनी क्यूबातील नर्तकांकडून तेथील पद्धती शिकून घेतली. तीत पाऊल दुसऱ्या मात्रेवर पडत असे. इंग्लंडमधील प्रचलित पद्धतीच्या पुरस्कर्त्यांशी झालेल्या दीर्घ वादानंतर १९५० नंतरच्या दशकात ती मान्य झाली. चाचाचा याच दशकातील असून त्याचे श्रेय संगीतकार एन्रिके होर्रिन यांना दिले जाते.

तंत्रदृष्ट्या रुंबा व चाचाचा यांत गुडघे सरळ करून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला जातो आणि त्यातून कटीची हालचाल साधते. सांब्यात लयबद्ध उसळी असते. पासो दोब्लेत पुरुष बैलझुंजीतील योद्ध्याची भूमिका घेतो व स्त्री बहुधा त्याच्या वस्त्राचे प्रतीक असते.

पदन्यास निश्चित झाल्यामुळे ही नृत्ये जगभर शिकविता आली व त्यांच्या स्पर्धा भरविणे शक्य झाले; मात्र मूळ नृत्यातील उत्स्फूर्तता व गायक, वादक आणि नर्तक यांचा परस्परसंवाद त्यांत क्षीण झाला. क्यूबातील मूळ परंपरा अद्याप जिवंत असून २०१६ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला.